मंजूषाबाईंचं अर्धं राहिलेलं गणित

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो. नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातल्या एका घरात, जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर असतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे!

जुन्या वस्तूंच्या दुकानातून मंजूषाबाईंनी मला सायकलला बांधून, उलट्या वाऱ्यात घरी आणलं. पुण्यात त्या शाळेत गणित शिकवायच्या. इथे दर शनिवारी आसपासची मराठी मुलं माझ्यासमोर बसत. दोन समीकरणांची वजाबाकी करताना बाई खालच्या समीकरणाखाली बदललेली चिन्हं आधी लिहायला लावत. तेव्हा माझी काय ऐट होती! रोज पुसून लख्ख.

एका शनिवारी त्यांनी लिहिलं, 3x + 2y = 16. त्याखाली 3x − y = 10. त्याच्या खाली चिन्हं, वजा, अधिक, वजा. तेवढ्यात छातीत दुखतंय म्हणून खाली बसल्या. दवाखान्यातून त्या परत आल्याच नाहीत.

त्यांचे यजमान श्रीहर्षराव मला कुणाला हात लावू देईनात. चौदा महिने तीच शाई. घरात कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. बापलेक माझ्याकडे पाठ करून मुकाट्याने जेवायची. मीही बधिर झालो होतो.

लेक आर्या गणितात नापास झाली. दर वेळी चिन्हापाशीच चुकायची, 2y मधून −y वजा करून y लिहायची. फेरपरीक्षा आली, तेव्हा श्रीहर्षराव म्हणाले, नवा फळा आणू. एरवी डचमध्ये उत्तर देणारी आर्या मराठीत म्हणाली, "बाबा, आईचं गणित मला पूर्ण करायचंय."

श्रीहर्षरावांनी टेबल बाजूला ओढलं.

तिने चिन्हं पाहत लिहिलं, 3y = 6. मग y = 2, x = 4. दोन्ही समीकरणांत घालून पाहिलं, जमलं. पुसायला गेली, तर आईची शाई हटेना.

"वाळलेल्या शाईवर नव्या पेनने गिरव," श्रीहर्षराव म्हणाले, "मग दोन्ही निघतात."

आर्याने आईचं एकेक अक्षर, एकेक आकडा गिरवला. शेवटचं वजाचं चिन्ह बाबांनी गिरवलं. फडकं फिरलं आणि सगळं गेलं.

मित्रांनो, आम्हाला जपायचं म्हणून तसंच ठेवू नका. लिहा, चुकलं तर पुसा, पुन्हा लिहा. आर्याने लगेच माझ्यावर दुसरं गणित मांडलं, खाली चिन्हं बदलली, आणि श्रीहर्षराव माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले न् पहिल्यांदा रडले.