सायकल ट्रॅकवरचा मांडव

मनीषाने दोरीला जोरात हिसका दिला. मांडवाची झालर एका बाजूने लोंबत खाली आली आणि शिडीवरचा मंगळू ओरडला, "ओ ताई! काय चाललंय?"

"तेच मी विचारतेय. सायकल ट्रॅकवर मांडव घालायला कोणी सांगितलं?"

"भाऊंनी. दोन तासांचा तर प्रश्न हाय."

दोन तास! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत आणि वाहता रस्ता यांच्यामधली ही एवढीशी पट्टी मिळवायला तिने महापालिकेचे उंबरे झिजवले होते. निवेदनं दिली, साहेबांची बोलणी खाल्ली, सातपूरच्या कामगारांसोबत भर उन्हात सायकली आडव्या घालून रस्त्यात बसली. का? तर मागच्या पावसाळ्यात शाळेत निघालेल्या तिच्या आरोहीला डंपर घासून गेला होता. हात मोडला. प्लास्टर निघालं, पण पोरीच्या मनातली भीती काही निघेना. सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. ट्रॅक झाला तेव्हा कुठे काल ती म्हणाली, "मम्मी, उद्या जाऊन बघू?"

आणि आज हे. लाल गालिचा, खुर्च्या, टोकाला फळ्यांचं स्टेज. मेल्यांना अख्ख्या नाशकात दुसरी जागा मिळाली नाही!

आरोही मागेच उभी होती, सायकलचं हँडल घट्ट धरून. बाजूने ट्रक गेला की ती डोळे मिटून घेत होती.

"वहिनी, लवकर आलात!" नगरसेवक वाळूभाऊ हसत पुढे आले. "कार्यक्रमाला वेळ आहे अजून."

"कसला कार्यक्रम?"

"अहो, तुमचाच सत्कार! ट्रॅक कोणामुळे झाला?"

तिने वर पाहिलं. फ्लेक्सवर भाऊंचा हा एवढा फोटो आणि कोपऱ्यात तिचा. फोटो घरातूनच गेला असणार. तेवढ्यात शाल-नारळाचं ताट घेऊन ललित आला. तिचा नवरा.

"सरप्राईज होतं," तो ओशाळं हसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"भाऊ म्हणाले, ट्रॅकवरच घेऊ. फोटोत ट्रॅक येईल."

"आणि पोर आज सायकल काढणार, ते?"

ललितने ताटातला नारळ उगाच सरळ केला.

"पप्पा," आरोहीने विचारलं, "मी कुठून जाऊ?"

त्याने मांडवाकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. "आजच्या दिवस रोडवरून जा ना, बाळा. कडेकडेने."

डंपरवाल्यावर मनीषा चिडली होती, साहेबांवर तर रोजच. पण असा राग तिला कधी आला नव्हता. तिने पहिली खुर्ची उचलून बाजूला फेकली. मग दुसरी. लवकर येऊन बसलेले लोक पाय आवरत उठले. कुसाबाई भाजीवालीने तर न सांगताच आपली खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली.

"चल," मनीषा म्हणाली. गालिच्यावरून सायकल तिच्या मागे येऊ लागली.

पुढे स्टेज होतं, कमरेएवढं, ट्रॅकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. भाऊ घाईने वर चढले आणि हार घेऊन उभे राहिले. बाई सत्कारालाच येतेय असं त्यांना वाटलं. कोणीतरी टाळ्याही सुरू केल्या.

"स्टेज काढा."

"आता कसं काढणार, वहिनी? पाहुणे येतील..."

"मग सरका."

तिने सायकलचं पुढचं चाक फळीवर टेकवलं. आरोहीने मागून जोर लावला. सायकलपाठोपाठ दोघीही वर चढल्या. सायकल सोफ्याला घासत, माइकची वायर ओढत पलीकडच्या कडेला आली. टाळ्या थांबल्या होत्या.

पलीकडे खाली ललित उभा होता. स्टेजला वळसा घालायला रस्त्याशिवाय वाट नव्हती. तो रस्त्यावरून आला होता. मागे एक ट्रकवाला अजून हॉर्न वाजवत शिव्या देत होता. ललितचा चेहरा पांढराफटक पडला होता, छाती धपापत होती. ताट कुठे राहिलं कोण जाणे. त्याने दोन्ही हात वर केले आणि सायकल उतरवून घेतली.

आरोही खाली उतरली, सीटवर बसली. थोडी डळमळली आणि निघाली.

"वहिनी, फोटो राहिला ना," भाऊ म्हणाले.

"आधी मांडव काढा," ललित म्हणाला.

मनीषाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली उतरून दुसऱ्या खांबाची दोरी सोडायला लागली होती.