नझीहचा निरोप

सकाळपासून नर्स वदादने अकरा फॉर्म भरले होते आणि बाराव्याला तिचे पाय बोलायला लागले. मास्कच्या दोरीने कानामागची कातडी सोललेली. प्रश्न एकच: कोरोना झाला आणि आजार बळावला, तर इस्पितळात न्यायचं की इथेच, आपल्या खाटेवर राहू द्यायचं? झाहले शहरातल्या या वृद्धाश्रमातून इस्पितळात गेलेल्या चौघांपैकी एकही परतलं नव्हतं. आणि गंमत बघा, हे विचारायचं कोणाला? जिचं मरण तिला सोडून सगळ्या गोतावळ्याला!

बारावी उम्म नझीह, म्हणजे नझीहची आई. नझीह हा तिचा थोरला लेक, त्याच्याच नावाने सगळे तिला हाक मारत.

"मला काय विचारतेस पोरी? ब्राझीलला नझीहला फोन लाव. तो सांगेल तसं."

नझीहचा फोन बंद होता. व्हरांड्यात येऊन वदादने बैरूतला म्हातारीच्या लेकीला, हियामला लावला.

"सिस्टर, दादा गेला हो," हियाम हुंदके देत म्हणाली. "नऊ दिवस झाले. याच आजाराने. आईला कळू देऊ नका, तुम्हाला शपथ आहे."

"देव त्यांना शांती देवो. पण मग फॉर्मचं काय करू?"

"सांगा, दादा म्हणतोय तुझ्या मनासारखं होऊ दे. ती इस्पितळाला घाबरते, इथेच राहू दे म्हणेल."

वदादला संताप आला. म्हाताऱ्यांपासून मरणं लपवायची रीत तिच्याही घरची. तिचे आजोबा दोन वर्षं मेलेल्या भावाला सलाम पाठवत होते आणि घरचे उलट सलाम आणून देत होते. पण मेलेल्या माणसाची परवानगी आणायची म्हणजे हद्दच झाली! तरी ती नाही म्हणाली नाही. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

उम्म नझीह मसुराचं सूप पीत होती.

"झालं बोलणं," वदाद म्हणाली. "नझीहभाई म्हणाले, आईच्या मनासारखं होऊ द्या."

म्हातारीचा चमचा थांबला. "ओरडला नाही?"

"छे, अगदी शांत होते."

"डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला नाही? विमानाने येतो म्हणाला नाही?"

वदादने खाली बघत नकारार्थी मान हलवली.

"साठ वर्षांत त्याने माझ्या मनासारखं काही होऊ दिलं नाही गं. चपला कुठल्या घ्यायच्या, तेही तोच ठरवायचा." तिने वाटी बाजूला सारली. "कधी गेला?"

आता खोटं कुठून आणायचं? "नऊ दिवस झाले," वदाद म्हणाली.

म्हातारीने फॉर्मकडे बोट केलं.

"लिही. इथेच राहणार. माझं मी सांगतेय. आणि हियामला बोलू नकोस मला कळलंय म्हणून. पोर आधीच एकटी पडलीय." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "जाताना दार ओढून घे. मला रडायचंय."

व्हरांड्यात पोचेपर्यंत फोन वाजलाच.

"सिस्टर, आईला काही कळलं नाही ना?"

वदादने बंद दाराकडे पाहिलं. आतून हुंदका ऐकू येत होता.

"नाही," ती म्हणाली.