एकतीस कुंड्या

मोठ्या जाऊबाईंना जरा बाजूला सरकवायला गेला, तर त्यांचं डोकंच चावीवाल्याच्या हातात आलं. कुंडीत मागे बोटभर काळा देठ उरला आणि त्याला कुजलेल्या बटाट्यासारखा वास येत होता.

"अहो जाऊबाई, हे काय केलंत?" तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मोठ्या जाऊबाई म्हणजे कुंडीतलं झाड. जाड, रसाळ पानांचा, बशीएवढा पसरलेला गुलाब. काठ गुलाबी आणि मान ताठ. अशा एकतीस कुंड्या बाल्कनीत होत्या, सगळे पानांचेच गुलाब, आणि त्याच्या बायकोने एकेकाला सासरचं एकेक नातं देऊन टाकलं होतं. जाडजूड, वर्षानुवर्षं जागचे न हलणारे ते मामंजी. टोकं टोचणाऱ्या त्या वन्सं. उजेडाकडे मान काढून उगाच लांबलेला तो धाकटा दीर. अंगभर पिठासारखी पांढरी पूड असलेल्या आणि कुणाचं बोट लागलेलं न खपणाऱ्या त्या सासूबाई. "खऱ्यांना कधी बोलता आलं नाही, निदान यांना तरी बोलते," असं म्हणत ती रोज सकाळी एकेकाची हजेरी घ्यायची.

त्याने जाऊबाईंचं डोकं वर्तमानपत्रावर ठेवलं आणि पुढची कुंडी ओढली. मामंजींची खालची पानं काचेसारखी आरपार झाली होती. बोट लावलं की एकेक गळून पडत होतं. वन्सं एका बाजूला कलल्या त्या कलल्याच. तासाभरात वर्तमानपत्रावर सगळं सासर आडवं झालं. चार कुंड्या उरल्या, त्यांतल्याही दोघींचं काही खरं नव्हतं. तो तिथेच फरशीवर बसला.

तिला उद्या घरी आणायचं होतं. सकाळीच डॉक्टरांनी त्याला दाराबाहेर बोलावून सांगितलं होतं की इथे ठेवून आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरी न्या, महिना मिळेल, फार तर दीड. "बाल्कनीजवळ खाट टाकली तर चालेल का?" एवढंच त्याने विचारलं होतं. चालेल की, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तर तो कुंड्या सरकवत होता.

आता हे कुणी केलं, हे शोधायला कुठे लांब जायला नको होतं. पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं त्याने रस्त्यारस्त्यांवरच्या व्हॉल्व्हच्या चाव्या फिरवल्या होत्या. चावीवाला हे नाव त्याला तिथेच पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. पहाटे सहाला पहिली चावी. ताप असो, घरात लग्न असो, पाणी सुटलं नाही असं एकदाही झालं नाही. कोरडं दिसलं की त्याला चैन पडत नसे. बायको दवाखान्यात जाताना दारात उभी राहून तीनदा बजावून गेली होती, "झाडांना पाणी घालू नका. खालची पानं सुरकुतली तरच घोटभर, तेही मुळाशी. नुसतं बघत जा." त्याने तीनदा मान हलवली होती. चौथ्या दिवशी कुंडीत बोट खुपसलं, तर आत नुसती कोरडी वाळू आणि विटेचा चुरा. अशात कुणी जगतं का? त्या दिवसापासून रोज सहाला प्रत्येक कुंडीत एक मग.

पहिले दोन आठवडे सगळी कशी टरारून फुगली! पानं घट्ट झाली, रंग चढला. बाईमाणसाला काय कळतं पाण्यातलं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. दवाखान्यात जाऊन त्याने ऐटीत सांगितलं, "तुझं सासर अगदी बाळसं धरतंय."

"पाणी नाही ना घालत?"

"छे गं."

आणि आता बाळसं धरलेलं सासर वर्तमानपत्रावर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला तेव्हा बायको उशीला टेकून बसलेली होती. केस विंचरलेले, पिन लावलेली. उशाशी तिची पिशवीही कुणीतरी भरून ठेवली होती. त्याने पिशवीकडे पाहिलंच नाही.

"डॉक्टर म्हणतात, अजून थोडे दिवस बघू," तो म्हणाला. "इतक्यात घरी नको म्हणतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "असं म्हणाले?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि तिने केसांची पिन काढून ठेवली.

आठ दिवस, त्याने मनाशी ठरवलं होतं. आठ दिवसांत बाल्कनी होती तशी करायची आणि मग तिला आणायचं. तिला मरताना समोर रिकाम्या कुंड्या दिसणार, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

रोपवाटिका गावाबाहेर, दोन बस बदलून. तिथली रोपवाली तोंडाने फटकळ होती, पण माणूस वाईट नव्हती. त्याने रुमालात बांधून नेलेली पानं तिच्यासमोर मांडली.

"अशी जाऊबाई आहे का?"

"काय आहे का?"

"म्हणजे हे... हे गुलाबी काठाचं."

तिने पान उजेडाकडे धरलं आणि नाक मुरडलं. "बुडवून मारलंत की हो आजोबा. रोज पाणी?"

"रोज."

"अहो, हे झाड पानातच पाण्याची टाकी घेऊन जन्माला येतं. त्याला वरून तुमचं कशाला? उपाशी ठेवलं असतंत, तर वर्षभर कुरकुर केली नसती."

पांढऱ्या पुडीच्या सासूबाई कोपऱ्यात दिसल्या तसा तो घाईघाईने गेला आणि पानाला धरून कुंडी उचलायला लागला. रोपवाली ओरडली, पण तोवर अंगठा उमटला होता.

"ही पूड एकदा गेली की त्या पानावर परत येत नाही. दुसरी घ्या, ती बघा, तिला कुणी हात नाही लावलेला."

त्याने दुसरी घेतली. दोन्ही हात कुंडीला लावून, श्वाससुद्धा जपून घेत, दोन बसमधून ती मांडीवर घेऊन आला.

पण सगळी एका फेरीत कुठली मिळायला? रोपवालीकडे माल मंगळवारी यायचा. कधी रंग जुळायचा पण आकार लहान पडायचा, कधी आकार जुळायचा तर काठ भलताच. बायकोला कुंडी अन् कुंडी पाठ होती. कुणाच्या अंगावर कुठलं पान आखूड, तेही माहीत होतं. धाकट्या दिरासारखा लांबलेला मिळेना, कारण रोपवाटिकेत उजेड भरपूर. सगळे दीर आटोपशीर. "लांबलेला म्हणजे बिघडलेला, आजोबा," रोपवाली म्हणाली, "असला माल मी ठेवत नाही." मग तिनेच शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीआड पडून राहिलेलं एक झाड शोधून दिलं. "घरची माणसं एवढं मोजून बघत नाहीत हो."

"ती बघते," तो म्हणाला.

आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे बावीस. परगावच्या लेकीचा एक दिवसाआड फोन यायचा. "बाबा, आईला घरी कधी नेणार?" डॉक्टर अजून नाही म्हणतात, असं तो तिलाही सांगायचा. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप येतं. त्याला स्वतःचीच कमाल वाटायची. दवाखान्यात बायको पूर्वी एकेका कुंडीची खबर घ्यायची. पिन काढून ठेवली त्या दिवसापासून तिने विचारणं कमी केलं आणि मग बंदच केलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. तो शेजारी बसून बाहेरच्या हवेबद्दल काहीबाही बोलायचा आणि ती ऐकून घ्यायची. तिचे हात दिवसेंदिवस हलके होत होते, हे त्याला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच तो जास्त घाई करायचा, आणि घाई केली की हमखास चुकीचं झाड उचलायचा.

चौथ्या मंगळवारी एकतिसावी कुंडी जागेवर बसली. त्याने लांब उभं राहून पाहिलं, मग खाटेवर आडवं पडून तिच्या नजरेच्या उंचीवरून पाहिलं. मामंजी, वन्सं, सासूबाई, सगळे होते तसे. त्याने चादर बदलली, उशी झटकली, शाल पिशवीत घातली आणि बुधवारी सकाळी दहालाच दवाखाना गाठला.

डॉक्टर जिन्यातच भेटले. चावीवाल्याने शाल दाखवली.

"आज घरी नेतो म्हणतो तिला."

डॉक्टरांनी शालीकडे पाहिलं. "आता नाही हलवता येणार. दोन दिवसांपासून ऑक्सिजन काढला की त्रास होतोय. वाटेतच काही झालं तर..." मग ते जरा हळू म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, तेव्हाच नेलं असतंत तर. मला वाटलं, तुमची काही अडचण असेल."

चावीवाला जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. महिनाभर तो जे खोटं सांगत होता ते आता खरं झालं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. खालून लोक येत होते, म्हणून तो बाजूला झाला आणि वर गेला.

बायकोच्या तोंडावर मास्क होता. ती जागी होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या शालीकडे.

"थंडी आहे का बाहेर?" मास्कमधून तिचा आवाज खोल आला.

"नाही. तुझ्यासाठी आणली. घरी न्यायला." तो स्टुलावर बसला. "पण डॉक्टर नाही म्हणाले."

"तेव्हा हो म्हणाले होते."

त्याने मान वर केली.

"मलाच आधी विचारलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "सकाळी. घरी जायचंय का म्हणून. मी हो म्हटलं. सिस्टरने पिशवीपण भरून दिली." तिने दोन-तीन श्वास घेतले. "मग तुम्ही आलात आणि म्हणालात, डॉक्टर नको म्हणतात."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? म्हटलं, नसेल झेपत यांना. उठवायचं, बसवायचं, सगळं अंथरुणात. वाटणारच माणसाला." ती थांबली. "दोन दिवस रडले. मग म्हटलं, जाऊ दे. रागावले नाही हं मी तुमच्यावर."

गप्प बसणं सोपं होतं. तिने माफ करून टाकलं होतं. तिची झाडं तिच्या मनात तशीच जिवंत होती, आणि हो, झेपलं नसतं मला, एवढं म्हटलं की सगळं तिथेच मिटलं असतं. तो शालीच्या गोंड्याशी चाळा करत राहिला. पण आपल्याला ती नको होती, असं मनात धरून ती जाणार, हे त्याला गिळवेना.

"तुझी झाडं मेली गं," तो म्हणाला.

"कुठली?"

"सगळी. जाऊबाई, मामंजी, सगळी. रोज पाणी घातलं मी." त्याने गोंडा सोडून दिला. "तुला दुसऱ्या दिवशी आणायचं म्हणून कुंड्या सरकवायला गेलो, तर हातात आली. तुला ते बघायला लागू नये म्हणून नाही नेलं. नवी आणून लावत होतो. तशीच. कालच संपलं लावून."

मग तिने हात उचलला आणि मास्क खाली ओढला. तो "अगं, अगं" करत उठला, पण तिने मानेनेच नको म्हटलं.

"एवढंच?"

त्याने मान हलवली.

"मी रोज झाडांचं विचारायचे," ती एकेक शब्द वेचत म्हणाली, "कारण तुमचं विचारलं की तुम्ही 'बरंय' म्हणता आणि गप्प बसता. झाडांचं विचारलं की बोलता तरी."

तिला धाप लागली. त्याने मास्क तिच्या नाकाशी धरला. तिने दोन श्वास घेतले आणि तो पुन्हा बाजूला सारला. तिचे डोळे भरले होते आणि त्याच्या मनगटाला धरलेली बोटं गार लागत होती.

"अहो," ती म्हणाली, "झाडं काय, पुन्हा लावली असती की आपण."