नजर जरा बाजूला

“रेघ वाकडी हाय,” शशीआण्णा म्हणाले.

“कुठली?” त्यांची लेक भूमिका त्यांच्या खांद्यावरून वाकली.

“ह्या की मधल्या. वरनं सरळ येत्यात आणि मधे आल्या की दबत्यात. ओल्या मातीत कुणी अंगठा दाबल्यागत.”

नव्या लॅपटॉपवर त्यांनी सगळ्यात आधी कोरे पान उघडले होते आणि त्यावर बारीक चौकटींची जाळी आणली होती. नवा पडदा आला की आधी जाळी तपासायची, मग रंग, ही त्यांची पद्धत. लॅपटॉपच्या झाकणावर सकाळीच ओढलेले विभूतीचे तीन पट्टे होते. पडद्यालाही विभूती लावायला निघालेला त्यांचा हात भूमिकाने हवेतच धरला होता.

“आप्पा, सरळ हायत की रेघा.”

“सरळ कशा? मला दिसालंय ते खोटं व्हय? विजू! ए विजू! ये जरा इकडं.”

समोर फ्लेक्स छपाईचे दुकान असलेला विजयसिंह शाईचे हात पुसत आला. मंगळवार पेठेतल्या त्या बोळात त्याचे यंत्र आणि आण्णांचे टेबल यांच्यामध्ये एक रिक्षा जाईल एवढाच रस्ता होता. त्याने डोळे बारीक करून जाळी पाहिली.

“रेघ सरळ हाय, आण्णा. वाकडी तुमची मान हाय.”

भूमिकाने त्याला एक फोटो मोठा करून दाखवला. कुठल्याशा लग्नातला फेटेवाला माणूस होता. फेट्याचा धागा, कपाळावरचा घाम, घामात अडकलेली अक्षत, सगळे वेगवेगळे दिसत होते. विजयसिंह आणखी पुढे वाकला.

“आयला! मिशीचा केस न् केस सुटा दिसालाय. माझं बॅनर ह्याच्यावर बघू नका बाबा, धंदा बसंल माझा.”

तो हसत गेला. आण्णाही हसले. फोटो त्यांना चांगला दिसत होता. पण किती चांगला, ते विजयसिंहच्या बोलण्यावरून त्यांनी ठरवले होते.

गेले वर्षभर त्यांची एकच तक्रार होती, “माझ्या मॉनिटरला मोतीबिंदू झालाय.” हा विनोद पेठेत एवढा पसरला होता की चहावालाही विचारायचा, “काय आण्णा, ऑपरेशन कवा?” काम करताना पापणीची कड मध्येच हरवायची, नावातले एखादे अक्षर विरून जायचे. मॉनिटर खरोखरच जुना, एका बाजूने पिवळा पडलेला. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आण्णांना तर नाहीच. पुण्यात नोकरी करणाऱ्या भूमिकाने शेवटी चार जाणत्यांना विचारून डिझाईनच्या कामासाठीच बनवलेला हा लॅपटॉप निवडला आणि सुट्टी काढून स्वतः घेऊन आली. याच्या पडद्यावरचे ठिपके इतके बारीक होते की नाक टेकवले तरी सुटे दिसू नयेत.

पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर पेठेत कुणीही करायचे. आण्णांकडे लोक यायचे ते डोळे उघडायला.

हा शब्द त्या धंद्याचाच. माणूस जातो आणि मग घरच्यांच्या लक्षात येते की भिंतीवर लावायला धड एक फोटो नाही. जो आहे त्यात डोळे मिटलेले. पूर्वी तर कितीतरी फोटो माणूस गेल्यावरच काढलेले असायचे. “तेवढं डोळं उघडून द्या,” म्हणत लोक मलकापूरपासून यायचे. आण्णांनी हे काम तरुणपणी एका स्टुडिओत ब्रश आणि काळ्या शाईने केले, नंतर कॉम्प्युटरवर. त्यांचे नियम मात्र तेच राहिले. डोळे घरातलेच घ्यायचे, भावाचे, नाहीतर मुलाचे. आणि नजर समोर ठेवायची नाही. “भिंतीवरनं माणूस टक लावून बघाय लागला तर घरच्यांनी जेवायचं कसं?” ते म्हणायचे. “नजर जरा बाजूला पाहिजे. घरात हाय, पण पाळतीवर न्हाय.”

आजही एक काम यायचे होते. गगनबावड्याकडच्या झुंबरबाई. त्यांच्या मालकांचे उत्तरकार्य परवावर आले होते. नातवाने फोटो सकाळीच मोबाईलवर पाठवले होते आणि बाई स्वतः दुपारच्या गाडीने येणार होत्या.

“थांबा, दुकानदाराला फोन करते,” भूमिका म्हणाली. “पडदा दबलेला असंल तर बदलूनच द्याय पाहिजे त्यानं.” दुकानात आवाज घुमायचा म्हणून ती बोळात गेली.

आण्णा जाळीसमोर एकटे राहिले. दबलेली जागा बोटाने दाखवता यावी म्हणून त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. खळगा बरोबर मध्यभागी होता. मग खळग्याची कड कुठवर जाते ते बघायला त्यांनी नजर डाव्या कोपऱ्याकडे नेली.

खळगा डाव्या कोपऱ्यात आला.

त्यांनी परत मध्यभागी पाहिले. तो मध्यभागी आला. उजवीकडे पाहिले, तर उजवीकडे. बोट मात्र होते तिथेच होते आणि बोटाजवळच्या रेघा आता सरळ होत्या.

बिघाड पडद्यात असेल तर तो जागचा हलायचा नाही. एवढे कळायला आण्णांना कुणाची गरज नव्हती. त्यांनी एक डोळा झाकला, तर रेघा आणखी दबल्या. दुसरा झाकला, तर रेघा वाकल्या नाहीत, पण मधल्या चौकटीच नाहीशा झाल्या. तिथे धुरकट काहीतरी होते. त्यांनी मान वर केली. विजयसिंहच्या दुकानाशेजारी एक गाळा बंद होता. त्याच्या शटरच्या आडव्या पट्ट्या, वरपासून खालपर्यंत एकीखाली एक. जिथे बघावे तिथे पट्टी दबत होती.

ते बराच वेळ शटरकडे बघत राहिले. मॉनिटरला मोतीबिंदू झालाय, असे आपण किती जणांना सांगितले ते त्यांना आठवू लागले. सगळे हसले होते.

बाहेर भूमिकाचा आवाज चढला होता. “कालच घेतलाय ओ! न्हाय कसं म्हणता? माझे वडील तीस वर्षं ह्याच कामात हायत, त्यांना कळत न्हाय व्हय?”

“भूमी,” आण्णांनी हाक मारली. “ठेव फोन. बदलायचा न्हाय.”

“अहो, पण—”

“बरोबर हाय ते. माझंच चुकलं.”

तिने काही विचारण्याआधी दारात झुंबरबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर मागे सरकलेला, कपाळ मोकळे, पायात रबरी चपला, अंगाला अजून एसटीचा वास.

“डोळंवालं आण्णा ते हेच न्हवं?”

“या आक्का. बसा. पाणी दे गं.”

झुंबरबाई स्टुलावर टेकल्या आणि आपण होऊन बोलू लागल्या. “आमच्या ह्येंचा एक बी फोटो सरळ न्हाय बघा. फोटू काढतोय म्हटलं की डोळं मिटलंच. लग्नातबी तसंच. पोराच्या लग्नातबी तसंच. फोटोवाला म्हणायचा, बाळासो, डोळं उघडा की ओ! ह्ये म्हणायचे, उघडलंयच की! नातवानं परवा मोबाईलवरच उघडलं, काय आपोआप होतंय म्हणं. तर कुण्या भलत्याचंच डोळं आलं. मी त्येला म्हटलं, पुसून टाक, मला परक्या माणसाला हार घालाय लावू नको.”

“दिसायचे कसे डोळे त्यांचे?” आण्णांनी विचारले.

“कसं म्हंजे? डोळ्यागतच. डावा जरा बारीक. म्हशीकडं बघताना मोठं व्हायचं, माझ्याकडं बघताना बारीक.” त्या स्वतःच जराशा हसल्या आणि लगेच थांबल्या.

“घरात कुणाला आलेत तसे?”

“राजवीरला. नातू. त्येचाबी फोटो हाय त्यात.”

आण्णांनी फोटो उघडला. बाळासो मांडवात बसलेले, पांढरी टोपी, गालावर वाढलेले खुंट, डोळे मिटलेले. शेजारी राजवीरचा फोटो. आण्णांनी त्याचे डोळे कापून घेतले आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आणले. हात सवयीने चालत होता. कुठले बटण, किती मोठे करायचे, सगळे बोटांना पाठ. पण ज्या जागी बुबुळ ठेवायचे त्या जागेकडे पाहिले की पापणीची कड वितळायची. त्यांनी बाजूने बघून पाहिले. कड यायची, आणि ठेवायला म्हणून नजर तिथे नेली की पुन्हा जायची. शेवटी अंदाजाने ठेवले.

“झालं बघ, बसलं,” ते भूमिकाला म्हणाले.

भूमिका पुढे वाकली. पडद्यावर म्हाताऱ्याचे एक बुबुळ पापणीच्या बाहेर, गालाच्या वरच्या हाडावर होते. दुसरे बरोबर बसले होते. नव्या पडद्यावर ते फारच स्पष्ट दिसत होते.

तिने आधी लॅपटॉपचे तोंड स्वतःकडे वळवले, झुंबरबाईंना दिसणार नाही असे.

“आप्पा,” ती हळू आवाजात म्हणाली, “कुठं ठेवलंसा हे?”

आण्णांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“रेघ सरळच हाय, भूमी,” ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग बंद गाळ्याच्या शटरकडे पाहिले, कारण ते तिकडे बघत होते. मग पुन्हा त्यांच्याकडे. तिच्या ओठांवर आलेला प्रश्न आण्णांनी हात हलवून थांबवला.

“उद्या जाऊया डॉक्टरकडं. आता गिऱ्हाईक बसलंय.” ते उठले. टेबलामागच्या त्या खुर्चीवर एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक असताना दुसरे कुणी बसले नव्हते. त्यांनी खुर्ची मागे ओढून धरली. “बस. मी सांगतो, तू कर.”

“मला न्हाय जमणार आप्पा.”

“तुला दिसालंय न्हवं? मग बस.”

झुंबरबाईंनी दोघांकडे पाहिले. “पोरगी करणार व्हय?”

“तिची नजर नवी हाय, आक्का,” आण्णा म्हणाले. “ह्या मशीनला नवीच नजर लागती.”

भूमिका बसली. आण्णा तिच्या मागे उभे राहिले, पडद्याकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून.

“पांढरं कसं दिसालंय?”

“पांढरंशुभ्र.”

“पोराचं हाय म्हणून. ते कमी कर. म्हातारपणी पांढऱ्यावर साय धरती, दुधावर धरती तशी. पिवळं टाकू नकोस, काविळीगत दिसंल. नुसता उजेड कमी कर. केलंस?”

“केलं.”

“वरची पापणी थोडी खाली ओढ, बुबुळाचा वरचा भाग झाकला पाहिजे. सगळं बुबुळ उघडं ठेवलं की माणूस दचकल्यागत दिसतोय. डावा जरा बारीक, आक्का म्हणाल्यात तसा. आता बुबुळातला उजेडाचा ठिपका. फोटोत उजेड कुठनं येतोय?”

“डावीकडनं. मांडवाच्या कडेनं.”

“मग दोन्ही डोळ्यांतला ठिपका डावीकडंच. एकाच उजेडाचा. ठिपका न्हाय ठेवला तर डोळं उघडून उपयोग न्हाय.”

माऊसची टिकटिक सुरू झाली. भूमिकाने एकदा मनगटाने गाल पुसला. आण्णांना ते दिसले नाही, किंवा त्यांनी तसे दाखवले.

“आणि नजर?” तिने विचारले.

“माहीत हाय की तुला.”

“जरा बाजूला.”

“व्हय.”

मग तिने हात थांबवला. “आप्पा, बघतासा?”

“मी न्हाय. त्यांना दाखव.”

भूमिकाने लॅपटॉप झुंबरबाईंकडे फिरवला. झाकणावरचे विभूतीचे तीन पट्टे आता आण्णांच्या बाजूला आले. काम जमले की नाही ते आण्णा नेहमी शेवटी गिऱ्हाईकाच्या तोंडावर वाचायचे. त्यांनी झुंबरबाईंकडे सरळ पाहिले. पदर दिसला, खांदे दिसले, हात दिसले. मध्ये, जिथे चेहरा असायला हवा, तिथे धुरकट खळगा होता.

मग त्यांनी नजर जरा बाजूला नेली. बाईंच्या डोक्याशेजारी भिंतीवर विजेचे बटण होते, त्याच्यावर ती ठेवली. आणि कडेला, हळूहळू, चेहरा जमून आला. सुरकुत्या, बंद ओठ, हनुवटी.

झुंबरबाई पडद्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांचा हात आपोआप वर गेला. मागे सरकलेला पदर त्यांनी पुढे ओढला, डोक्यावर नीट घेतला आणि मान किंचित खाली घातली.

“विजूकडं दे छापाय,” आण्णा बटणाकडे बघत म्हणाले.