दोन वर्षं न घातलेलं तेल

माझी बायको व्हर्लीन गेली त्याला ईस्टरला दोन वर्षं झाली. तिला पुरून आल्यावर त्याच दुपारी मी चर्चमधल्या ऑर्गनचं झाकण ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली घरी आणली. मला कोणी काही बोललं नाही. तिने तो एकतीस वर्षं वाजवला होता आणि त्याची देखभाल मी केली होती. गॅरी शहरातल्या पोलाद कारखान्यात मी विजेच्या मोटारी दुरुस्त करायचो, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं. लोकांना वाटलं असेल, चार-सहा महिन्यांत हा स्वतःच उघडेल.

मी उघडला नाही. दुसऱ्या कोणाचे हात त्यावर बघणं मला जमलं नसतं.

गाण्यांचं पियानोवर भागत होतं. रोशेल नावाची शाळेतली शिक्षिका वाजवायची, चांगली वाजवायची. अडायचं ते साक्षीच्या वेळी. आमच्याकडे रविवारी कोणीही उभं राहून देवाने आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सांगतं. बोलणारा दम घ्यायला थांबला की व्हर्लीन ऑर्गनवर हलकेच काहीतरी वाजवून ती जागा भरायची. मग माणसाला पुढचं बोलायचं बळ यायचं. पियानोचा सूर लगेच विरतो, त्याला ते जमत नाही.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, तिसऱ्या रविवारी मदर ओटलीननी मला दारात गाठलं. चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बायकांना आम्ही मदर म्हणतो. या एक्याण्णव वर्षांच्या.

"ल्युशियस, ईस्टरला मी साक्ष देणार आहे. बहुतेक शेवटची. माझ्या बोलण्याखाली ऑर्गन हवा."

"मदर, पियानो आहे की."

"पियानोवर मी लग्नात नाचले. मरायच्या आधी ऑर्गन हवा. आणि व्हर्लीनचं नाव पुढे करू नकोस. ती असती तर तुझ्या डोक्यात चप्पल घातली असती."

मी हो म्हणालो आणि मग दिवस ढकलत राहिलो. आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी गेलो. रोशेल तिथे फुलं लावत होती.

आमच्या विजेवरच्या ऑर्गनला सुरू करायचे दोन खटके असतात. पहिला आठेक सेकंद दाबून धरला की छोटी मोटर आतल्या सूर काढणाऱ्या चकत्यांना गती देते. मग दुसरा दाबला की मोठी मोटर ताबा घेते. मी पहिला दाबला. नुसती घुंई ऐकू आली. काही फिरलं नाही.

मागची फळी काढली आणि मला कळलं. चकत्यांच्या वर तेल ओतायच्या दोन छोट्या वाट्या असतात. तिथून सुती दोऱ्यांवरून तेल एकेका बेअरिंगपर्यंत झिरपतं. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मी तेल घालायचो, व्हर्लीन टॉर्च धरायची आणि म्हणायची, "मला पाठ चोळून कधी दिलीस का रे अशी?" गेल्या दोन्ही जानेवारींत ते माझ्याकडून राहून गेलं होतं. वाट्या कोरड्या होत्या. बेअरिंगमध्ये जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं.

"आता?" रोशेलने विचारलं.

"तेल घालायचं आणि थांबायचं. झिरपायला तीन-चार दिवस लागतात."

"मग थांबू या. मी मदरना सांगते."

"तू नको सांगूस."

मी तेल घातलं. तासभर बसलो. मग पुन्हा खटका दाबला आणि धरून ठेवला.

"काका, आठ सेकंद झाले."

"चौतीस वर्षं मोटारीच बघितल्यात मी."

"म्हणूनच म्हणते, सोडा."

मी सोडला नाही. कारखान्यात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी हाकलला असता. मिनिटभराने जळका वास आला. छोटी मोटर जळाली होती. मी हात काढला तेव्हा रोशेल खिडकी उघडायला गेली.

ईस्टरला मदर ओटलीन जांभळी टोपी घालून आल्या. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी सांगणार होतो, जमलं नाही. त्या पुढचं बाक धरून उभ्या राहिल्या.

"मिसिसिपीहून आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "पायात दोन वेगवेगळे बूट होते."

आणि त्या थांबल्या. जिथे सगळी हयात थांबत आल्या तिथेच. रोशेलने पियानोवर हात ठेवले आणि परत मांडीवर घेतले. सबंध चर्च वाट बघत होतं. मदरनी ऑर्गनकडे पाहिलं. मग खाली बसल्या. त्यांची साक्ष तेवढीच झाली.

मी उठून त्यांच्या बाकाशी गेलो. "ऑर्गन मी मारला," मी म्हणालो. "आधी बंद ठेवून आणि काल घाई करून."

सवयीने मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं. पुढचं मला सुचेना. कोणी ती जागा भरली नाही. गेली दोन वर्षं इथे प्रत्येक जण असाच उभा राहत होता आणि मी शेवटच्या बाकावर बसून ते बघत होतो.

मदरनी माझ्या कोटाला धरून मला खाली ओढलं.

"नवी मोटर कधी येईल?"

"मिळाली तर महिन्याभरात."

"माझ्याकडे महिना आहे का, ते तू देवाला विचार," त्या म्हणाल्या. "मी विचारणार नाही."