धोंड्याच्या वाणातला काळा टँकर

आमच्या घरात एक काचेचं कपाट आहे आणि ते मी पुसत नाही. धूळ बसली तर बसू दे. कपाट साहेबांचं. साहेब म्हणजे माझा नवरा विश्वजीत, वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर आणि घरी आला की चाळिशीला टेकलेलं लेकरू. कपाटात रोबो. सांधे वळवले की ट्रक होणारे, विमान होणारे. होणारे म्हणायचं आपलं, कारण एकाही खोक्याचं सील कधी तुटलं नाही. आमची स्वराली तेव्हा पाच वर्षांची होती. ती काचेला नाक लावून बघायची आणि साहेब खेकसायचे, काचेवर डाग पडतात म्हणून.

त्या साली पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच, आणि त्यातच अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा मान. माझे वडील बद्रीनाथ, आम्ही त्यांना आबा म्हणतो, इथले पडेगावचेच. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच वावरावर. जमीन बिल्डरला गेली, कोपऱ्यातली विहीर तेवढी आबांनी ठेवली. नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही, तेव्हा आमच्या चारही बिल्डिंगा त्या विहिरीवर जगत होत्या. टँकर आबा स्वतः चालवायचे.

त्यांनी फोन करून विचारलं, "जावईबापू, यंदा चांदीचं ताट करावं म्हणतो."

साहेबांनी ताट नको म्हटलं. मला वाटलं, आलं शहाणपण. कसलं काय. साहेबांनी एका रोबोचा फोटो पाठवला. हाच रोबो लाल रंगात कपाटात होता, वळवला की टँकर होणारा. पण हा काळा. स्पेशल एडिशन. साचा तोच, चाकं तीच, तोंडावरचा भाव तोच, नुसता रंग बदलला. मी म्हटलं, "अहो, आहे की आपल्याकडं." तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मी अडाणी. असे रोबो जमवणाऱ्यांच्या त्यांच्या ग्रुपवरचा कोणी खात्रीचा माणूस विकणार होता. पैसे आबांनी द्यायचे, खोकं आबांच्या पत्त्यावर यायचं, आणि वाण म्हणून ते साहेबांच्या हातात पडायचं. आपलं वाण आपणच ठरवायचं, एवढी लाज सोडलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

खोकं आबांच्या घरी पोचलं आणि माझ्या आईनं, भागूबाईनं, डोक्याला हात लावला. जावई म्हणजे नारायण. नारायणाला काळं वाण कसं द्यायचं? आबा लई वेळ खोकं हातात घेऊन बसले म्हणे. मग सील तोडलं, रोबो बाहेर काढला आणि फकिराकडं गेले. फकिरा म्हणजे आबांचा टँकर रंगवणारा पेंटर. एवढ्याशा खेळण्यावर त्यानं दोन दिवस घातले. टाकी निळी, कडेनं पिवळी नक्षी, दोन्ही बाजूंना कमळ, मागं बारीक अक्षरात "पाणी जपून वापरा". आणि समोर कपाळावर, आबांच्या टँकरवर आहे तसंच, "स्वराली".

वाण देताना आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तबकात अनारसे, दिवा, आणि लाल कापडाखाली तो टँकर. साहेबांनी कापड काढलं. सगळी भावकी बघत होती.

"मामा, हे काय करून ठेवलं? वाटोळं झालं की याचं."

आबांना कळलंच नाही. "आवडलं नाय व्हय?"

"आवडलं, आबा," मी म्हटलं. "लई आवडलं. त्यांची थट्टा चाललीय."

आबा हसले. म्हणाले, "मग शोकेसमधी मधोमध ठेवा. पाणी घिऊन आलो की वर येऊन बघंन." साहेबांनी मान हलवली आणि अनारसे मात्र एकही न सोडता खाल्ले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. एकच ठरवलं, काही झालं तरी आबांना कळू द्यायचं नाही.

घरी येऊन साहेबांनी बाथरूममध्ये बादली घेतली. आबांच्याच टँकरचं पाणी. शेजारी डब्यात थिनर. रोबो त्यात बुडवायचा, ब्रशनं घासायचा, बादलीत धुवायचा. मी दारात उभी राहिले. आधी कमळं गेली. मग नक्षी. "स्वराली" जाता जाईना, तेव्हा नखानं खरवडलं. लेकीचं नाव स्वतःच्या नखानं काढतोय हा माणूस, आणि तोंडानं शिट्टी वाजवतोय. बादलीत निळा-पिवळा चिखल झाला, घरभर घाण वास सुटला.

मग शिट्टी थांबली. निळ्याबरोबर काळाही निघाला होता. आणि खाली लाल. कपाटात होता तोच लाल.

खात्रीच्या माणसानं साध्या लाल रोबोवर काळा फवारा मारून स्पेशल एडिशन म्हणून गळ्यात मारला होता. साहेब ओल्या फरशीवर बसून राहिले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी उठून आबांना फोन करेल, माफी मागेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काळ्या रंगाचा स्प्रे आणला. बाल्कनीत पेपर पसरून रोबो पुन्हा काळा केला, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. नाशिकचा एक जण घ्यायला तयारही झाला.

"अहो, ज्यानं तुम्हाला फसवलं, त्यानं केलं तेच तुम्ही करताय."

"मग मी एकट्यानं का बुडायचं?"

उष्ट्या ताटाकडं बघावं तसं मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना काही समजलं नाही, ते पार्सलचा खोका शोधत होते.

त्या आठवड्यात आबा पाणी घेऊन आले आणि वर आले. कपाटाकडं बघितलं. "दिसत नाय कुठं?"

"आत ठेवलंय, आबा. धूळ बसते म्हणून."

"बरं केलं," म्हणाले आणि चहा न घेताच खाली गेले.

त्या रात्री मला झोप नाही. पुढच्या खेपेला टँकरचा हॉर्न वाजला, तशी मी नाशिकसाठी बांधून ठेवलेलं पार्सल फोडलं, रोबो पदराखाली घेतला आणि खाली गेले. साहेब हंडे गोळा करत होते.

"आबा, हे जावयांनी दिलंय," मी म्हटलं. "तुमच्या टँकरला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम काळं केलं. पुढं बांधा म्हणाले."

आबांनी रोबो हातात घेतला. कपाळावरून अंगठा फिरवला. तिथं प्लास्टिक खरवडून खडबडीत झालं होतं. अंगठा तिथंच थांबला.

"सायली, फकिराचा रंग दहा साल उन्हात ऱ्हातो," ते म्हणाले. "पाण्यानं जात नाय. घासल्याबिगर जात नाय."

मला तोंड वर करता येईना. इतक्या दिवसांची माझी थापेबाजी त्यांनी एका अंगठ्यानं पुसून टाकली. त्यांनी केबिनमधून तार काढली आणि लिंबू-मिरचीच्या खाली, बंपरच्या मधोमध, तो काळा रोबो आवळून बांधला. त्याच्या वरच, टँकरच्या कपाळावर, "स्वराली" हे नाव होतं.

तेवढ्यात साहेब हंडे घेऊन आले. बंपर बघितला आणि जागीच उभे राहिले. नाशिकवाल्याचे पैसे आले होते.

"मामा, ते..."

"या जावईबापू," आबा नेहमीसारखंच, मान देऊन म्हणाले. "पाईप धरा. आधी तुमचं भरू."

साहेबांनी पाईप धरला. तोंड पाडून दोन्ही हंडे भरले आणि वर न्यायला मला हाक मारली. मी गेले नाही.