सोमवारी सुट्टी घेणारा संगणक

मी एक जुना संगणक आहे. भंगारवाला दोनदा येऊन मला चाचपून गेला, पण मी अजून इथंच आहे. मित्रांनो, मला कुणाची दया नको. फक्त माझं ऐकून घ्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, तेव्हा महादेवप्पांनी मला मुंबईहून आपल्या डाळ मिलमध्ये आणलं. बघायला अर्धा बाजार लोटला. पुढं कौतुक ओसरलं, दुष्काळ पडला, तुरीची आवक आटली आणि मी कपड्याखाली नुसता बसून राहिलो.

मला जागं केलं गौरम्मानं. सकाळी ती कॉलेजात संगणक शिकायची आणि दुपारी मिलमध्ये माझ्यावर काम करायची. कॉलेजातला माझा भाऊबंद कायम कुलपात. पोरं त्याला खिडकीतून बघायची. म्हणून परीक्षेचा प्रोग्राम तिनं माझ्यावरच लिहिला. किती तुरीतून किती डाळ निघाली, ते तो सांगायचा.

तिचे सिद्धलिंग सर म्हणाले, "मिलमधलं काम अभ्यासात धरत नसतात. कॉलेज कर, नाहीतर नोकरी." ती हटून बसली. शेवटी सर म्हणाले, "सोमवारी परीक्षकांना मिलमध्येच आणतो. प्रोग्राम चालला तर पास, नाहीतर वर्ष गेलं."

नेमका सोमवार. महादेवप्पा शिवभक्त. सोमवारी त्यांच्या शेतात बैल जुंपत नसत आणि मीही राबणारा, म्हणून मलाही तीच सुट्टी. त्या दिवशी माझ्यावर फूल वाहून ते खोलीच्या दारातच उभे राहिले. परीक्षक आणि सर बाहेर ताटकळले. मला फार राग आला.

"अप्पा, सोमवारी बैलाला जुंपत न्हाईत, हाव," गौरम्मा म्हणाली. "पण पाण्यावर तर नेतात ना? मिलचं काम मी आज करत न्हाई. ह्याला नुसतं हिंडवून आणते."

महादेवप्पा आत आले. मग त्यांनी फूल उचलून खिशात ठेवलं. "लई पळवू नको," ते म्हणाले.

मी चाललो. परीक्षकांनी पडद्यावरचे आकडे बघितले आणि विचारलं, "डाळ, चुनीचा चुरा, टरफल मिळून तुरीइतकं वजन भरत नाही. उरलेलं कुठं गेलं?"

"उन्हात गेलं, सर. तूर गच्चीवर वाळती तवा घटती. आधी मला वाटलं, प्रोग्रामच चुकला. गच्चीवर जाऊन बघितलं, मग घटीचा रकाना वाढवला."

परीक्षकांनी तिला पास केलं. सिद्धलिंग सर तो रकाना वाचत राहिले. "अप्पा, बाकीच्या पोरांनाही इथं पाठवू का?"

"पाठवा की. सोमवार सोडून."

मित्रांनो, आज मी अडगळीत आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी मला फुलं वाहू नका आणि माझ्या नव्या भावंडांना कुलपात जपू नका. त्यांच्यावरची कव्हरं काढा आणि शिकणाऱ्या पोरींना त्यांच्यावर खुशाल चुकू द्या.